चार घरं पुढे

९ जानेवारी

टिकले,

खरं तर फोन करून विचारायची गोष्ट होती. पण फोनवर तू काय बोलतेस त्यातलं अर्धंच मला कळतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं रचते, म्हणून हे पत्र. कानातलं यंत्र समोर बसलेल्या माणसापुरतं बरं आहे. फोन जवळ नेला की ते नुसतं शिट्टी वाजवतं.

तू जोडून दिलेला कॉम्प्युटर येऊन दोन महिने झाले. माझी भाची कॉम्प्युटरच्या कारखान्यात तपासनीस आहे आणि तिनं आत्यासाठी एकेक भाग स्वतः निवडून यंत्र जोडलं, हे मी आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना दोन-दोनदा ऐकवलंय. खालच्या मजल्यावरचा शिंपी तर आता मला पाहिलं की जिना चढायचं सोडून मागे वळतो.

छापखान्यानं परिचारिकांच्या औषध-पुस्तिकेचं काम मला घरी दिलंय. सहाशे चाळीस पानं. जुन्या आवृत्तीवर डॉक्टरांच्या समितीनं शाईनं दुरुस्त्या केल्यात, त्या मी कॉम्प्युटरवर घालायच्या आणि फाइल छापखान्याला पाठवायची. चौतीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून कागदावर लाल खुणा केल्या, आता बटणं दाबते. हाताला सवय झाली.

पण एक विचित्र प्रकार होतोय. सोमवारी मी लिहिलं, 'रुग्णाच्या पायाला सूज आहे का ते पाहावे.' बुधवारी तेच पान उघडलं तर 'रुग्णाच्या मायाला सूज'. काल 'घाम फार येत असल्यास'च्या जागी 'जाम फार येत असल्यास' सापडलं. लिहिताना बरोबर असतं, हे मी शपथेवर सांगते. चार-सहा पानं नीट जातात आणि मग एखादं अक्षर असं बिघडलेलं सापडतं.

यंत्र स्वतःहून अक्षर बदलू शकतं का? हो की नाही, एवढंच सांग.

तुझी आत्या


१७ जानेवारी

आत्या,

नाही.

तू एका शब्दात मागितलंस, दिलं. आता थोडं सविस्तर, म्हणजे तू रुसणार नाहीस.

आमच्याकडे दुरुस्तीला यंत्र आलं की त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाचा तक्रारीचा कागद असतो. 'अक्षरं आपोआप बदलतात', 'आकडे इकडचे तिकडे होतात' असं लिहिलेले कागद आम्ही टेबलाच्या एका खणात टाकतो. त्या खणाला सगळे 'बोटांचा खण' म्हणतात. कारण यंत्र तपासावं तर ठणठणीत निघतं. कॉम्प्युटर बंद पडतो, तापतो, अडून बसतो, सगळं करतो. पण 'प'चा 'म' करणं त्याला जमायचं नाही. त्याला मराठी कुठे येतं?

तुझं यंत्र मी पाठवण्याआधी स्वतः तपासलंय. चाचणीच्या सगळ्या ओळी हिरव्या आल्या होत्या.

चष्म्याचा नंबर बघून घे. आणि दिवसाला नऊ तास बसू नकोस. दादा सांगत होता, तू जेवायचंसुद्धा विसरतेस म्हणून. तुझा मुलगा आहे तो, काळजी करणारच.

तुझी टिकली


५ फेब्रुवारी

टिकले,

चष्मा बदलला. नंबर होता तोच आहे, फक्त काड्या नव्या आल्या.

काम ठीक चाललंय. इथे सगळं ठीक आहे. थंडी कमी झालीय. गॅलरीतल्या कुंडीतल्या रोपाला तिसरं पान आलं.

आत्या


२१ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात 'ठीक' हा शब्द दोनदा आहे आणि कुंडीतल्या रोपाची बातमी आहे. तू कधी कुणाला रोपाची बातमी दिलीस?

दादानं मला सगळं कळवलंय. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. तू छापखान्याला पाठवलेल्या पानांत खोकल्याच्या औषधाला '२ चमचे'च्या जागी '६ चमचे' होतं, आणि समितीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी जुनी पानं चाळली तेव्हा आणखी दहा-बारा चुका निघाल्या. छापखान्यानं काम काढून घेतलं आणि उरलेली पानं तुझ्या जागी आलेल्या बाईंना दिली. दादा तुला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता, हेही कळलं.

हे सगळं तू मला सांगितलं नाहीस, याचं फार वाईट वाटलं.

आत्या, मी तुझ्या मांडीवर बसून लिहायला शिकले. माझ्या शाळेच्या वहीत तू लाल शाईनं खुणा करायचीस आणि मी रडायचे. त्यामुळे हे लिहिताना मला कसं होतंय ते तुला कळेल. दादाचं मत आहे की तू काही दिवस त्याच्याकडे राहावंस. खोली रिकामीच आहे. मलाही तेच बरं वाटतं. याला हार मानणं समजू नकोस, विश्रांती समज. वय झालं की बारीकसारीक गोष्टी निसटतात, त्यात लाज कसली?

उत्तर लगेच दे.

तुझी टिकली


२७ फेब्रुवारी

टिकले,

दिलं लगेच. आता खुर्चीत नीट बस, हे पत्र लांब आहे.

डॉक्टरांचं आधी सांगते. त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, पाच वस्तूंची नावं लक्षात ठेवायला लावली, आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी दोनपर्यंत आले आणि विचारलं, "पुढे उणे पाचात जाऊ, की पुरे?" ते म्हणाले, "पुरे." तुझा दादा बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, सुरुवातीला चाचणीत काही दिसत नाही म्हणे." म्हणजे नापास झाले असते तरी मी आजारी, आणि पास झाले तर आजार लपलेला!

तरीही तुला खरं सांगते. मी घाबरले होते. सहा चमचे! ते औषध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात गेलं असतं. पंधरा दिवस मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला परीक्षा घालायचे. बहिणींचे वाढदिवस, छापखान्यातल्या पहिल्या पुस्तकाची पानं, जिन्याच्या पायऱ्या. सगळं आठवायचं आणि तरी वाटायचं, जे विसरलं ते आठवणार कसं? त्या दिवसांत तुला ते रोपाचं पत्र लिहिलं.

मग मला राग आला. रागानं मी नेहमीचं काम काढलं. छापखान्याकडून परत आलेली सगळी पानं समितीच्या शाईच्या प्रतीशी ताडून पाहिली, ओळीन् ओळ. एकूण एकेचाळीस चुका निघाल्या. त्या एका कागदावर मांडल्या, डावीकडे काय हवं होतं, उजवीकडे काय झालं.

चौतीस वर्षांत मी हजारो चुका पाहिल्यात. घाईची चूक कशी असते, झोपाळलेल्या अक्षरजुळाऱ्याची कशी असते, लेखकाच्या अज्ञानाची कशी असते, ते मला वासावरून कळतं. या एकेचाळीस चुकांना माणसाचा वासच नाही. ऐक.

'क', 'ख', 'ग' एकदाही चुकलेले नाहीत. एवढ्या पानांत एकदाही नाही! 'त', 'थ', 'द', 'ध' नाही, 'ब', 'भ', 'म', 'य' नाही. 'प' चुकतो, आणि चुकला की त्याचा 'म'च होतो, दुसरं काही होत नाही. उलट 'म'चा 'प' कधीच झालेला नाही. 'घ'चा 'ज' होतो. 'छातीत दुखते'चं 'टातीत दुखते' झालंय. 'ढेकर'चं 'देकर', 'पाठ'चं 'पात', 'फोड'चं 'योड'. माणूस थकला तर वाट्टेल तसा चुकेल ना? हा चुकणारा ठरवून चुकतो.

मग मी वर्णमाला लिहिली आणि बोटानं मोजलं. प, फ, ब, भ, म. चार घरं पुढे. घ, ङ, च, छ, ज. चार. छ ते ट चार, ढ ते द चार, फ ते य चार. आकड्यांचंही तेच. २ चे ६, ३ चे ७, ५ चे ९. आणि १, ६, ७, ८, ९ जागच्या जागी. 'घ'पासून ओळीनं पाहिलं तर चार अक्षरं आजारी, पुढची चार धडधाकट, पुन्हा चार आजारी. टिकले, आपली वर्णमाला पाच-पाचाची आहे. क-वर्ग पाच, च-वर्ग पाच. मग हा चाराचा हिशेब कुणाचा? माझा तर नव्हे.

तीन गोष्टी मात्र बसत नाहीत आणि त्या मी लपवणार नाही. 'न'चा 'ब' होतो, ती तीनच घरं आहेत. 'ल'चा 'श' होतो, ती दोनच. आणि 'र'च्या जागी दोनदा 'ऴ' आलाय, 'ळ'च्या खाली टिंब. हे अक्षर मी जन्मात लिहिलेलं नाही. माझ्या कीबोर्डवर ते कुठल्या बटणात आहे तेही मला ठाऊक नाही.

यादी सोबत जोडलीय. मला दादाच्या रिकाम्या खोलीत पाठवायच्या आधी ती वाच.

आत्या


३ मार्च

आत्या,

यादी वाचली. जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतली आणि डबा तसाच राहिला. मला तुझ्यासमोर उभं राहून कान धरायला हवेत, पण पत्रात ते दिसणार नाही, म्हणून लिहून देते. तू बरोबर होतीस आणि मी चूक होते. दादाही चूक, आणि छापखानाही.

यंत्राला मराठी येत नाही असं मी ऐटीत लिहिलं होतं. तेच उत्तर होतं, आणि ते माझ्याच लक्षात आलं नाही. त्याला अक्षरं येतच नाहीत, फक्त आकडे येतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक यंत्र बारीक बारीक बटणांच्या ओळीत साठवतं. पहिलं बटण एकाचं, दुसरं दोनाचं, तिसरं चाराचं, पुढचं आठाचं. जी बटणं चालू असतील त्यांची बेरीज म्हणजे तो क्रमांक. तुझ्या यंत्रात कुठेतरी चाराचं बटण चालूच्या जागी अडकून बसलंय. ज्या अक्षराच्या क्रमांकात ते आधीच चालू असतं, त्याला काहीच होत नाही. तुझे 'क', 'ख', 'ग' आणि 'म' तसे आहेत. ज्याच्यात ते बंद असायला हवं, त्यात चार मिसळले जातात. 'प'चा 'म'. दोनाचे सहा. म्हणून उलटं कधी होत नाही. आकड्यांच्या चिन्हांनाही असेच वेगळे क्रमांक असतात, म्हणून तुझा '१' जागचा हलला नाही.

आणि तुझे ते न बसणारे तीन! आत्या, तेच सगळ्यांत पक्के पुरावे आहेत. यंत्राच्या यादीत दुसऱ्या भाषांसाठी जास्तीची अक्षरं घातलेली आहेत. 'न' आणि 'प' यांच्यामध्ये एक टिंबवाला 'ऩ' बसलाय. 'र'च्या पुढे टिंबवाला 'ऱ', मग 'ल', मग 'ळ', मग तो तुझा 'ऴ', आणि मग 'व', 'श'. आता मोज. न ते ब चार, ल ते श चार, र ते ऴ चार. एकेचाळीसच्या एकेचाळीस बसतात. कुणाचंही बोट असं चुकू शकत नाही.

स्मरणशक्ती गेली आहे ती यंत्राची. तुझी चांगली शाबूत आहे.

आता एक कबुली. तुझ्या यंत्रातल्या मेमरीच्या पट्ट्या मीच निवडल्या आणि मीच तपासल्या. नियमाप्रमाणे दहा मिनिटं, यंत्र थंड असताना. असे दोष यंत्र तासन् तास चालून तापल्यावर डोकं वर काढतात. मोठ्या कचेऱ्यांच्या यंत्रांत दर आठ बटणांमागे एक जास्तीचं बटण पहारेकरी म्हणून ठेवलेलं असतं, ते अशी गडबड पकडतं. घरगुती यंत्रांत तो पहारेकरी नसतो. घरी कुणाला एवढं लागतंय, असं सगळे धरून चालतात. मीही धरून चालले.

कॉम्प्युटर बंद कर, वायर काढ, बाजूचे दोन स्क्रू फिरव. आत पंख्याशेजारी दोन हिरव्या पट्ट्या उभ्या असतील. आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल, मग दोन्ही पट्ट्या सरळ वर ओढून मला पाठव.

आणि आत्या, महत्त्वाचं. तुझी किती पानं तुझ्या जागी आलेल्या त्या बाईंकडे तशीच गेलीत?

तुझी टिकली


९ मार्च

टिकले,

तुझं पत्र दुपारी मिळालं. शेवटचं वाक्य वाचलं आणि पट्ट्या राहिल्या बाजूला, चपला शोधायला लागले. सहाशे चाळीस पानांतली तीनशे नव्वद माझ्या यंत्रातून गेली होती. त्यातल्या फक्त दीडशे पानांत चुका शोधल्या होत्या, तीच माझ्याकडे परत आली होती. बाकीची दोनशे चाळीस छापखान्यातच होती.

व्यवस्थापक मला पाहून उभेच राहिले. त्यांना वाटलं, मी काम परत मागायला आले.

"बसा ना, बसा. चहा घेणार?"

"पुस्तिका कुठवर आलीय?"

"उद्या सकाळी मशीनवर चढतेय."

"चढवू नका."

ते हसले. वयस्क माणसांकडे पाहून हसतात तसं. "अहो, नव्या बाईंनी सगळं वाचलंय. भाषा एकदम स्वच्छ आहे."

"भाषा स्वच्छच असणार. '७ थेंब' हे शुद्ध मराठी आहे. थेंब तीन हवे होते, हे भाषेवरून कसं कळेल?"

मग मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, आणि माझी यादी. बटणांचं त्यांना किती कळलं देव जाणे. पण चार घरं त्यांनी स्वतःच्या बोटांवर मोजली, आणि मोजता मोजता त्यांचं हसू गेलं.

"सगळं पुस्तक पुन्हा ताडायचं म्हणजे आठ दिवस जातील," ते म्हणाले.

"अक्षरांना आठ दिवस लागू देत. औषधाच्या मात्रा मी आजच तपासते. चूक एकाच दिशेनं जाते. त्यामुळे ०, १, २, ३, ४, ५ असे आकडे जिथे दिसतात ते खरेच आहेत. फक्त सहा, सात, आठ, नऊ शोधायचे आणि शाईच्या प्रतीशी लावून पाहायचे."

माझ्या जागी आलेली बाई दारात उभी राहून हे ऐकत होती. मला वाटलं, हिला राग येईल. तिनं पदर खोचला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "तुम्ही शाईची प्रत धरा, मी आकडे वाचते. मोठ्यानं वाचू ना?" फार गुणी बाई आहे. स्पष्ट बोलते, ओठ नीट हलवते.

विसाव्या मिनिटाला पहिली सापडली. तान्ह्या बाळाच्या तापाचं औषध, ती म्हणाली, "सात थेंब." माझ्या प्रतीत समितीच्या निळ्या शाईत स्वच्छ ३ होते. मी पान तिच्याकडे फिरवलं. तिनं पाहिलं. मग तिनं ते व्यवस्थापकांकडे फिरवलं. आकडा पाहताच ते आतल्या दाराकडे जाऊन ओरडले, "पुस्तिकेच्या छपाईच्या प्लेटा बाजूला काढा! उद्या काही चढवायचं नाही!" ते इतक्या जोरात ओरडले की कानातलं यंत्र नसतं तरी मला ऐकू आलं असतं.

दिवस मावळायच्या आत आम्हाला पाच सापडल्या. पाच, टिकले. त्यातल्या दोन लहान मुलांच्या.

निघताना व्यवस्थापक दारापर्यंत आले. हात जोडले. मी म्हटलं, "उद्या नऊला येते. अक्षरं बाकी आहेत."

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. स्क्रूसाठी शिंप्याकडून पेचकस आणला, तर तो बिचारा मागोमाग वर आला आणि कॉम्प्युटरचं पोट उघडलेलं पाहून म्हणाला, "ताई, हे तुम्ही केलंत?" एक पट्टी सहज निघाली, दुसरीनं नखरे केले. दोन्ही रुमालात गुंडाळून पाठवतेय.

आणि कान धरायची काही गरज नाही. तू नाही म्हणालीस, कारण तुला तसंच शिकवलेलं होतं. पण हो म्हणायला तुला एका यादीपेक्षा जास्त काही लागलं नाही.

तुझी आत्या


२० मार्च

आत्या,

पट्ट्या रुमालासकट पोचल्या. त्यातली एक निर्दोष आहे. दुसरी मी रिकाम्या यंत्रात लावली आणि चाचणी सुरू केली. दहा मिनिटं हिरवं. वीस मिनिटं हिरवं. मी यंत्राचं झाकण बंद करून ते मुद्दाम तापू दिलं. त्रेपन्नाव्या मिनिटाला लाल ओळ आली, मग तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ओळीत एकच बटण, तेच. चाराचं! मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या टेबलावरच्या बाईचा चहा सांडला.

साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "ठीक आहे, हजारात एखादी पट्टी खराब निघते. बदलून द्या." दोन महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. पण आता माझ्याकडे तुझी यादी होती. मी बोटांचा खण उपसून त्यांच्या टेबलावर पालथा केला. बासष्ट कागद. म्हटलं, "साहेब, माझ्या आत्यानं एकेचाळीस चुका मोजल्या म्हणून आपल्याला कळलं. हे बासष्ट लोक आपण मोजलेच नाहीत."

सगळ्यांच्या पट्ट्यांचे क्रमांक काढले. एकोणीस जणांच्या यंत्रांत तुझ्याच खेपेतली पट्टी होती. प्रत्येकाचं अडकलेलं बटण वेगळं, पण दुखणं एकच. एका शाळेच्या कारकुनानं लिहिलं होतं, 'गुणपत्रिकेत दोनाचे तीन आणि चाराचे पाच होतात, पण तिनाचं काही होत नाही.' त्याचं एकाचं बटण अडकलंय. त्यानं किती स्वच्छ सांगितलं होतं! आणि आमचं उत्तर काय, तर 'कृपया चष्मा तपासून घ्यावा.' खाली सही माझी.

साहेबांनी तो कागद वाचला. मग त्यांनी गोदामात निरोप पाठवला की त्या खेपेतलं एकही यंत्र बाहेर जाणार नाही. आता प्रत्येक पट्टी दोन तास, तापवून तपासायची. त्या खेपेतली यंत्रं घेतलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं जाताहेत, नव्या पट्ट्यांसकट. कारकुनाचं पत्र मी स्वतः लिहिलं आणि क्षमा मागितली.

तुझी यादी साहेबांनी मोठी करून चाचणीच्या खोलीत भिंतीवर लावलीय. नवीन माणूस आला की त्याला आधी ती वाचायला लावतात. परवा एकानं विचारलं, "या बाई कुठल्या इंजिनिअर?" साहेब म्हणाले, "मुद्रितशोधक आहेत. तुमच्यापेक्षा बरं वाचतात."

बोटांचा खण रिकामा झालाय. मी त्यात आता डबा ठेवते.

तुझ्यासाठी पहारेकरी असलेलं यंत्र जोडतेय. या वेळी तीन दिवस तापवून मगच पाठवीन.

तुझी टिकली


२ मे

टिकले,

पुस्तिका आली! सहाशे चाळीस पानं, निळा कापडी पुठ्ठा, हातात घेतली की मनगट वाकतं. अक्षरांच्या तपासणीला आठ नाही, अकरा दिवस लागले. मी आणि ती गुणी बाई समोरासमोर बसून आजारी अक्षरं तेवढी शोधत होतो. शेवटी शेवटी आम्हाला इतकी सवय झाली की चहावाल्यानं 'पेला' म्हटलं की ती हळूच 'मेला' म्हणायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो.

व्यवस्थापकांनी मला पुन्हा कामावर घेतलंय. आठवड्यातले तीन दिवस, आणि त्या बाईला शिकवायचं. मी म्हटलं, तिला शिकवण्यासारखं फार उरलेलं नाही. तर म्हणाले, "मग मला शिकवा."

तुझा दादा पुस्तक आल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. माफी वगैरे मागणं त्याला लहानपणापासून जमत नाही. बसला, उठला, गॅलरीत जाऊन आला. मग पिशवीतून त्याच्या कचेरीतला एक गठ्ठा काढला आणि म्हणाला, "आई, यात काहीतरी चुकतंय असं मला सारखं वाटतंय. तू बघतेस का?" मी बघितलं. चुकत होतं. खोलीचा विषय त्यानं काढला नाही. मीच काढला. म्हटलं, "ती खोली भाड्यानं दे." हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

पुस्तकाच्या आतल्या पानावर समितीच्या नावांखाली एक ओळ आहे, 'मुद्रितशोधन', आणि पुढे माझं नाव. चौतीस वर्षांत कुणी ते छापलं नव्हतं. मी ते चारदा वाचलं, एकेक अक्षर बोट ठेवून. बरोबर आहे.

मग सवयीनं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि काल पान चारशे बारावर थांबले. 'रुग्णाच्या डोक्याखाली ऊशी द्यावी.' दीर्घ ऊ! मी शाईची प्रत काढली, तिथे ऱ्हस्व. फाइल काढली, तिथे दीर्घ, आणि ते पान तर छापखान्याच्या यंत्रावर, अगदी शेवटच्या दिवशी, मी स्वतः टाइप केलेलं. उ ते ऊ, एकच घर. कुठलं बटण अडकलेलं नाही की काही तापलेलं नाही. त्या दिवशी मला घरी जायची घाई होती, बस.

व्यवस्थापकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "अहो, उशीनं कुणाचं काय बिघडतंय? सोडून द्या."

मी म्हटलं, "मुळीच नाही. शुद्धिपत्र छापा. आणि त्याखाली एक ओळ घाला, ही चूक मुद्रितशोधकाची आहे."

तुझी आत्या